माशांचे पंचांग आणि गळाची हौस

मुंबईहून हावड्यास जाणारी आगगाडी नागपूर मागे टाकून पूर्वेकडे निघाली, की कामठीनजीक कन्हान नदी ओलांडते आणि थोड्याच वेळात भंडारा रोड या स्थानकावर येते. हे स्थानक ज्या गावी आहे त्याचे नाव वरठी. रेल्वेमुळे आणि पोलादाच्या कारखान्यामुळे हे गाव आज बाहेरच्या माणसांस ठाऊक झाले आहे. परंतु या मुलुखाची जुनी ओळख लोखंडाची नव्हे, पाण्याची आहे. भंडाऱ्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी दोन्ही जिल्ह्यांत हे तलाव गावोगाव पसरलेले आहेत. त्यांपैकी पुष्कळ कोहळी समाजाच्या कारागिरीचे आहेत. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधविला अशी परंपरा सांगतात. पुढे हे तलाव मालगुजारांकडे होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांस माजी मालगुजारी तलाव म्हणण्याचा प्रघात पडला.

तलाव बांधले ते धानाच्या पाण्यासाठी. परंतु पाणी साठले म्हणजे त्यात मासा येतोच, आणि मासा आला म्हणजे माणूसही येतो. या भागात मासेमारी हा ढीवर समाजाचा पिढीजात व्यवसाय. त्यांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, त्यांत बीज सोडतात आणि जाळी टाकून पोट भरतात. त्यांखेरीज दुसराही एक वर्ग पाळीवर बसलेला आढळतो. कारखान्यातील कामगार, कचेरीतील कारकून, सुटीवर आलेला विद्यार्थी, सेवानिवृत्त रेल्वे नोकर असे हे लोक असतात. हाती बांबूची काठी किंवा बाजारातील चक्रीची छडी, दोरीच्या टोकास गळ, आणि जवळ डबीत गांडुळे किंवा कणकेचे गोळे. त्यांना माशाची गरज नसते, हौस असते. प्रस्तुत भाषणाचा विषय या हौशी मंडळींचा आणि माशांचा संबंध हा आहे. मासा कोणत्या ऋतूत कसा वागतो आणि गळ टाकणारा त्यांतून कोणता मासा का निवडतो, या दोन प्रश्नांची उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. ती अशी, की माणसाच्या हौसेचा हंगाम आणि माशाच्या वंशाचा हंगाम हे पुष्कळदा एकच असतात.

मासा हा थंड रक्ताचा प्राणी. ज्या पाण्यात तो असेल त्या पाण्याइतकीच त्याच्या शरीराची उष्णता. त्यामुळे त्याचे चालणे, खाणे, पचविणे ही सर्व कामे पाण्याच्या उष्णतामानावर अवलंबून राहतात. दुसरी गोष्ट प्राणवायूची. पाणी जितके थंड तितका त्यात प्राणवायू अधिक विरघळतो. २० अंश सेल्सिअस उष्णतेच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेच पाणी ३० अंशांवर गेले की साडेसात मिलिग्रॅमच मावतो. या दोन गोष्टी ज्याने ध्यानात ठेवल्या, त्यास माशाचे निम्मे वर्तन आपोआप उलगडते.

प्रथम उन्हाळा घेऊ. विदर्भातील चैत्र-वैशाखाचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. तलावाचे पाणी आटत आटत मधल्या खोलगट भागात जमा होते आणि वर्षभर पसरलेले मासे तेवढ्याच जागेत दाटी करून राहतात. माध्यान्ही ते तळाशी जातात. पहाटे मात्र पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमिट करताना दिसतात. रात्री पाणवनस्पती प्राणवायू निर्माण करीत नाहीत, उलट स्वतःच तो वापरतात. त्यामुळे सूर्योदयापूर्वीचा प्रहर हा पाण्यातील श्वासाच्या दृष्टीने सर्वांत कठीण असतो. गळ टाकणाऱ्यास वाटते, की मासा वर आला म्हणजे त्यास भूक लागली. वस्तुतः तो गुदमरलेला असतो, आणि अशा माशास आमिषाचे आकर्षण नसते. ऊन चढू लागले आणि वनस्पतींनी पाणी थोडे सावरले, म्हणजे तासभर मासा खातो. तसाच सायंकाळी खातो. उन्हाळ्यात अनुभवी गळवाले या दोन वेळांखेरीज काठीस हात लावीत नाहीत, त्याचे कारण हेच.

या दिवसांत काही माशांना मात्र निसर्गाने वेगळी सोय करून दिली आहे. मरळ, मागूर, शिंगी हे मासे कल्ल्यांबरोबरच वरची हवा घेऊन श्वसन करू शकतात. तलाव चिखलाइतका उरला तरी मागूर आणि शिंगी गाळात शिरून तग धरतात. बाजारात पाटीतील इतर मासे निश्चल पडलेले असताना मरळ तासन्‌तास वळवळत असतो, तो याच सामर्थ्याने. ‘जिवंत मासा’ म्हणून त्यास चढा भाव मिळतो. पुढे येणाऱ्या विवेचनात या मरळाचेच स्थान मोठे आहे.

रोहिणी सरून मृग लागला आणि पहिले जोरदार पाणी वाहिले, की पाण्याखालचे सारे जग जागे होते. ओढ्यांतून गढूळ, थंड, प्राणवायूने भरलेले पाणी तलावात येते. सांडवा वाहू लागतो. तलाव, नाला आणि धानाच्या बांध्या यांच्यामधील सीमा पुसल्या जातात. प्रवाहाची चाहूल लागताच लहानमोठे मासे पाण्याच्या उलट दिशेने चढू लागतात. हेच ते चढणीचे मासे. ते बांध्यांत, चराईच्या माळावरील उथळ पाण्यात, नाल्याच्या उगमाकडे जातात. कारण अंडी घालण्यास ताजे, उथळ आणि नुकतेच भिजलेले ठिकाण त्यांस हवे असते. तेथे शत्रू थोडे आणि पिलांस खाद्य भरपूर. ज्या वेळी मासा पोटात अंडी घेऊन वाटेवर असतो, नेमक्या त्याच वेळी त्या वाटेवर बांबूचे सापळे, जाळी आणि काठ्या घेऊन माणसे उभी असतात. एरवी मासा शोधावा लागतो. आषाढात तो स्वतः चालून येतो. पहिल्या पुराच्या माशाची चव काही और असे लोक म्हणतात, त्या चवीत अंड्यांचाही वाटा असतो.

येथे दोन जातींच्या माशांमधील भेद समजून घेणे अगत्याचे आहे. रोहू, कटला आणि मृगळ हे तिघे मोठ्या नद्यांचे मासे. वाहत्या पुराखेरीज ते अंडी घालीत नाहीत. बंद तलावात मादीच्या पोटी अंडी तयार होतात, परंतु प्रवाहाचा स्पर्श न झाल्याने ती बाहेर पडत नाहीत आणि अखेर शरीरातच जिरून जातात. म्हणून तलावातील रोहूचे बीज पूर्वी नदीतून धरून आणावे लागे. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी व के. एच. अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी माशाच्या मेंदूलगतच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालविली, आणि तेव्हापासून बीजाचा प्रश्न सुटला. १० जुलै हा दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात, तो या प्रयोगाच्या स्मरणार्थ. आज संस्था मत्स्यजिरे किंवा बोटुकली विकत आणून तलावात सोडतात. रोहूची एक मादी वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते. परंतु अंडी घातल्यावर ती त्यांकडे वळूनही पाहत नाही. लाखांतून दोन-चार जगले तरी वंश चालतो, असा तेथे हिशेब.

मरळाचा हिशेब निराळा. तो तलावाचा, डबक्याचा, शांत पाण्याचा मासा आहे. पावसाळ्यात मरळाची जोडी काठाच्या उथळ पाण्यातील गवत बाजूस सारून वाटोळी मोकळी जागा करते. तेथे अंडी घातली जातात आणि ती पृष्ठभागावर तरंगत राहतात. एक-दोन दिवसांत पिले बाहेर पडतात. पुढे ती तांबूस-नारिंगी रंगाची होऊन शेकडोंच्या झुंडीने एकत्र हिंडतात. हवा घेण्यास ती एकदम वर आली, म्हणजे त्या जागी पाणी उकळल्यासारखे दिसते. या झुंडीच्या खाली आईबाप पहारा देत असतात. कित्येक आठवडे हा पहारा चालतो. बेडूक, पाणसाप, दुसरा मासा, जो कोणी झुंडीजवळ येईल त्यावर मरळ तुटून पडतो.

गळवाल्यास हे ठाऊक असते, आणि येथेच प्रश्न उभा राहतो. तांबडी झुंड दिसली की तो लहान बेडूक किंवा रबराचा बेडूक गळास लावून नेमका तिच्यावरून ओढतो. मरळ झडप घालतो आणि अडकतो. पाहणाऱ्यास वाटते, केवढा हा अधाशी मासा! परंतु पिले राखणारा मरळ त्या वेळी भुकेने येत नाही. तलावाकाठच्या एखाद्या वृद्ध ढीवरास विचारले तर तो सांगेल, “साहेब, तो खायला नाही आला, लेकरांवर कोण आलं ते पाहायला आला.” आईबाप काठावर येऊन पडले म्हणजे ती झुंड निराधार होते. मग इतर मासे आणि पक्षी अल्पावकाशात तिचा फडशा पाडतात. एका रविवारच्या पंधरा मिनिटांत एक मासा मिळतो आणि शेकडो जातात. शिकारीच्या कौशल्याची ही गोष्ट नव्हे. ज्या प्राण्यास पळणेच शक्य नाही, कारण त्याचे सारे मन एका जागी गुंतलेले आहे, त्यास धरण्यात कसब ते कोणते?

पाऊस ओसरून हस्त-चित्रा नक्षत्रे आली, की तलाव तुडुंब आणि पाणी निवळशंख होते. पिले वाढलेली असतात, खाद्य मुबलक असते, पाणी ना फार उष्ण ना फार थंड असते. आश्विन-कार्तिक हे दोन महिने मासा खऱ्या भुकेने खातो आणि अंगाने भरतो. गळाच्या हौसेस याहून उत्तम काळ नाही. या दिवसांत माशाच्या तोंडाची ठेवण पाहून आमिषाची खोली ठरविणारा मनुष्य रिकाम्या हाताने परतत नाही. कटल्याचे तोंड वर वळलेले, म्हणून तो पृष्ठभागाशी चरतो. मृगळाचे तोंड खाली, म्हणून तो तळ चाळतो. रोहू या दोहोंच्या मध्ये राहतो. शिवडा हा मोठ्या जबड्याचा मांसाहारी मासा. तो कणकेकडे ढुंकून पाहत नाही. त्यास लहान मासाच लागतो, आणि तोही बहुधा दिवस मावळल्यावर.

मार्गशीर्ष-पौषात थंडी पडली म्हणजे पुन्हा सारे मंदावते. रोहू-मृगळ खोल पाण्यात स्वस्थ राहतात. पचन मंद झाल्याने भूकही मंद. पहाटे कुडकुडत पाळीवर बसणाऱ्याचा उत्साह कौतुकास्पद खरा, परंतु मासा त्याच्यापेक्षा शहाणा असतो. तो ऊन चांगले तापल्याखेरीज हालचाल करीत नाही. या ऋतूत दुपारी अकरा ते तीन ही वेळ, काठाचे उन्हात तापलेले पाणी आणि लहान आमिष, एवढ्यावर समाधान मानावे लागते.

आता गळवाल्यांच्या आवडीनिवडीकडे वळू. तीन गोष्टींना तेथे मान आहे. पहिली वजन, दुसरी झुंज, तिसरी काटे कमी असणे. या तिन्ही कसोट्यांस मरळ उतरतो. म्हणून घरात गृहिणी आणि पाळीवर शिकारी, दोघांचीही पहिली पसंती त्यास मिळते. आजाऱ्यास व बाळंतिणीस मरळ द्यावा असे मानणारी घरेही पुष्कळ आहेत. रोहूस दुसरे स्थान. खवली, झिंगे व इतर बारीक मासळीस हौशी मनुष्य हातही लावीत नाही. ती गरिबाच्या चुलीवर जाते. गंमत अशी, की काट्यांसकट सगळाच खाल्ला जाणारा बारीक मासा शरीरास चुना पुरविण्यात मोठ्या माशाच्या तुकड्याहून सरस ठरतो. मानाच्या पंगतीत ज्यास पाट मिळत नाही, तोच पुष्कळदा अंगी लागतो.

या आवडीनिवडीमागे एक समजूत दडलेली आहे आणि तीच तपासून पाहिली पाहिजे. हौशी मनुष्य म्हणतो, रोहू हा संस्थेने पैसे घालून सोडलेला मासा, तो विचारल्यावाचून धरणे ही चोरी. हे अगदी योग्य आहे आणि प्रत्येकाने पाळावे. परंतु पुढे तो म्हणतो, मरळ कोणी सोडलेला नाही, तो आपोआप झाला; तेव्हा तो कोणाचाच नाही, वाटेल तितका न्यावा. येथे विचार चुकतो. विकतचा रोहू संपला तर पुढच्या श्रावणात पैसे मोजून पुन्हा आणता येतो. मरळ, मागूर, शिंगी, शिवडा यांचे बीज बहुतेक तलावांत कोणी सोडीत नाही. ते पाण्याच्या पोटीच जन्मतात, आणि त्यांची जोडी गेली की पुढचे वर्ष तेथेच खुंटते. ज्यास धनी नाही असे आपण समजतो, त्यालाच राखणदाराची गरज अधिक असते.

देशी माशांपुढे संकटे आधीच थोडी नाहीत. वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ साली बसली. त्या धरणाने शेतीस पाणी दिले, पण नदीतून वर चढणाऱ्या माशांची वाट अडविली. नागपुरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत व तेथून वैनगंगेत उतरते आणि धरणाच्या साठलेल्या पाण्यात मुक्काम करते. तलावांत बेशरमाचे रान माजते, गाळ साचतो आणि मरळास घरटे करण्याजोगे देशी गवत नाहीसे होते. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया, ज्यास बाजारात चिलापी म्हणतात, तो तर वर्षातून अनेकदा पिले काढून सर्व जागा व्यापतो. त्याची मादी अंडी-पिले तोंडात धरून वाढविते, त्यामुळे त्याचा वंश सहसा बुडत नाही. याच्या जोडीस पाण्यात विष कालविणारे आणि सुरुंग लावणारेही आहेत. १८९७ च्या मत्स्य कायद्याने हे दोन्ही गुन्हे ठरविले असले तरी ते समूळ थांबलेले नाहीत.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. अर्जुनी मोरगावच्या परिसरात ढीवर स्त्रियांनी तलावांत उतरून बेशरम उपटले, देशी पाणवनस्पती हातांनी लावल्या, आणि तेथे माशांस पुन्हा आसरा मिळाला. तलावास थोडी उसंत दिली की तो स्वतःला सावरतो, हा त्यांचा अनुभव आहे. कोकणातील कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवीत आले. त्यात खवळलेल्या समुद्राचे भय होते, तसाच माशाच्या विणीचा विचारही साधला जात होता. आज महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांस १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. ज्यांची चूल समुद्रावर चालते ते दोन महिने थांबतात. मग ज्यांची केवळ हौस तलावावर चालते, त्यांनी थांबू नये काय?

संयमाचे नियम फार थोडे आणि सोपे आहेत. मृगापासून श्रावणअखेरपर्यंत मरळावर गळ टाकू नये. तांबडी झुंड दिसली तर त्या बाजूस पाठ फिरवावी आणि बरोबरच्या मुलास ती दुरून दाखवावी. जाळ्यात आलेल्या दहा माशांपेक्षा ते दृश्य त्याच्या अधिक लक्षात राहील. सांडव्यातून चढणारा मासा वाटेवर धरू नये. पावसाळ्यात हात शिवशिवलेच तर संस्थेस विचारून चिलापी धरावी. तीत तलावाचेच कल्याण आहे. पोट फुगलेली मादी गळास लागली तर हात ओले करून, कल्ल्यांत बोटे न घालता, गळ हळूच काढून तिला पाण्यात सोडावे. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरील बुळबुळीत आवरण निघते आणि सुटलेला मासाही पुढे रोगाने मरतो. तुटलेला नायलॉनचा दोर काठावर टाकू नये. त्यात पाणपक्षी व कासवे अडकतात.

हे सर्व कायद्याच्या शिपायास करता येण्याजोगे नाही. पाळीवर पहाटे बसलेल्या एकट्या माणसास पाहणारा कोणी नसतो. शेतकरी बियाण्याची कणगी उपासमारीतही फोडीत नाही, त्यास कोणी दंडाचे भय दाखविलेले नसते. पुढच्या मृगाचे भय पुरेसे असते. तलावातील पिलांची झुंड ही तशीच कणगी आहे. आश्विनातील भरल्या तलावावर मनसोक्त गळ टाकावयाचा असेल, तर आषाढात काठी घराच्या आढ्यास टांगून ठेवली पाहिजे.